मौनीबुवाची चौदा पिल्लं

सलूनला येणारे सगळे त्याला मौनीबुवा म्हणत. केस कापणारा माणूस आणि तोंडातून अक्षर नाही, म्हणजे चमत्कारच की! विचारलं तर "हं", नाही विचारलं तर तेही नाही. पण गिऱ्हाईक नसलं की हाच बाबा भिंतीलगतच्या फिशटँकसमोर स्टूल टाकायचा, काचेला नाक लावायचा आणि माशांशी तासन् तास बोलायचा. बायको म्हणायची, "यातलं निम्मं तरी माझ्याशी बोला हो."

मासे सिक्लिड जातीचे. दिसायला देखणे, स्वभावाने एकेक नग. प्रत्येकाचा दगड ठरलेला. दुसरा तिकडे फिरकला की हा अंगावर धावलाच. सगळ्यांवर दादागिरी करणारा एक निळा नर, त्याला मौनीबुवा फौजदार म्हणे. आणि एक होती पिवळी. या जातीची मादी पिल्लं तोंडात वाढवते, तीन आठवडे घास न घेता. तीनदा पिवळीने पिल्लं सोडली आणि तीनदा संध्याकाळच्या आत बाकीच्या माशांनी ती सगळी फस्त केली. चौथ्या खेपेला तोंड भरलेलं असतानाच त्याने तिला उचलून घरी टबात नेलं. तिथे तिने चौदा पिल्लं सोडली आणि आठवड्याभरात स्वतः गेली. उपासाने पार खंगली होती बिचारी. म्हणजे ही चौदा गेली की पिवळीचं नाव संपलं.

चार महिने त्याने त्यांना जिवापाड जपलं. दाणे बोटांनी चुरून, टबावर वाकून, चेहरा पाण्याजवळ नेऊन भरवले. बोलणं चालूच. पुढे पुढे तो नुसता वाकला तरी चौदाच्या चौदा वर झेपावायची. मोजमाप कंगव्याचं: दहा दातांएवढं पिल्लू झालं, की ते फौजदाराच्या तोंडात मावणार नाही. पण दहा दात भरायच्या आधीच ती टबात एकमेकांचे पर ओरबाडायला लागली. जागाच पुरेना. आता न्यायलाच हवं होतं.

सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, त्याने सगळं रीतसर केलं. मोठ्या टँकमधले दगड हलवले, म्हणजे कुणाचंच घर जागेवर राहू नये आणि जुन्यांनी आधी आपली घरं शोधत बसावं. जुन्यांना पोटभर खाऊ घातलं, दिवा मालवला, नवं पाणी मानवावं म्हणून पिल्लांची पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवली, मग हळूच सोडली. क्षणात चौदाही दगडांच्या फटीत गुडुप. तो घरी गेला आणि कधी नव्हे ते बायकोशी बोलला. "लपली सगळी. शहाणी आहेत."

मंगळवारी सलून उघडल्या उघडल्या तो काचेपाशी गेला. पिल्लं फटींतून बाहेर आली, थेट त्याच्या नाकासमोर. त्याला भरून आलं. तेवढ्यात बाजूने निळा लोळ आला, आणि एका पिल्लाची शेपटी गेली. दुपारपर्यंत ते तळाशी आडवं पडलं होतं. तो डोळ्यांत तेल घालून काचेशी बसला, तर तासाभरात दुसरं गेलं. परत काढावीत, तर सगळे दगड उपसावे लागणार आणि ठेवायचं पुन्हा त्याच टबात. फौजदाराला काढावं, तर दुसऱ्याच दिवशी दुसरा कुणीतरी फौजदार होणार. हे त्याने पूर्वी करून पाहिलेलं.

बायको डबा घेऊन आली. खुर्चीत शाळेतले गुरुजी तोंडाला फेस लावून बसलेले. मौनीबुवा वस्तरा हातात घेऊन काचेशी.

"अहो, गुरुजींचा फेस वाळला. या इकडे."

तो आला. ती तिथेच उभी राहून टँककडे बघत राहिली. "गेली की सगळी आत."

तो गर्रकन वळला, दोन पावलं पुढे गेला. पिल्लं बाहेर! दगडाआडून निळं डोकं हललं.

"मागे व्हा!" बायको ओरडली. "तुम्हाला बघून येताहेत ती! तुमच्या तोंडाला बघून!"

तो मागे सरला. पिल्लं घुटमळली. फौजदार वळला, जरा थांबला. शेवटचं पिल्लू फटीत शिरेपर्यंत तिघांपैकी कुणी श्वास घेतला नाही. "आता मात्र हात थरथरत नसेल तरच माझ्या गळ्यावर वस्तरा ठेव," गुरुजी म्हणाले. मौनीबुवा खाली बसला आणि म्हणाला, "मीच मारली दोघांना."

त्या दिवसापासून त्याने काचेजवळ जायचं बंद केलं. समोरच्या आरशात लांबून जेवढं दिसेल तेवढंच बघायचं, तेही गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून. दाणे बायको टाकायची, टँकच्या कडेला उभी राहून, चेहरा न दाखवता. तेवढा वेळ तो रस्त्यावर उभा.

"किती?" तो बाहेरून विचारायचा.

"बारा."

"डावीकडच्या दगडामागे बघितलंस?"

"बघितलं हो. बारा."

एके दिवशी ती "अकरा" म्हणाली आणि तो तसाच उभा राहिला, आत पाऊल टाकायची हिंमत होईना. बराच वेळ शोधल्यावर पंपाच्या नळीमागे बारावं सापडलं. बायको त्याच्यावर नाही, माशांवर डाफरली.

अडीच महिने असे गेले. पिल्लांना रंग चढला, दोघांनी तर स्वतःचे दगडही धरले. मग एका सोमवारी, सलून बंद असताना, बायको म्हणाली, "आता जाऊन बघा एकदा." तो भीत भीत स्टूलवर बसला. काचेला नाक लावलं. नेहमीसारखं बोललाही काहीतरी.

बारापैकी एकही पुढे आलं नाही. उलट त्याचा चेहरा दिसताच सगळी सटकली, परक्या माणसाला बघून सटकावीत तशी.

"विसरली हो तुम्हाला," बायको हळूच म्हणाली.

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि ते पुसायच्या आधी तो हसला. "विसरली," तो म्हणाला. "आता जगतील."