तिच्या खुर्चीजवळचा स्पीकर

ती गेल्याला या आषाढात वर्ष होईल. तिच्या साड्या तिच्या बहिणींनी नेल्या, पुस्तकं मी शाळेला दिली. जेवणाच्या टेबलाजवळचा लाकडी स्पीकर मात्र मी हलवलेला नाही. तो घरात आला, त्या दिवसापासून मला भीती वाटू लागली. ती भीती कशाची होती, ते आज सावकाश लिहून पाहतो आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-सहा वर्षं झाली असतील. आम्ही चिखलीला राहत होतो. मी वाचनालयात ग्रंथपाल होतो, ती मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. माहेर डोणगावचं. शाळेत ती पुस्तकातलं मराठी बोलायची आणि घरात पाऊल टाकलं की डोणगावचं.

घरमालकानं मधली भिंत पाडून बैठक आणि जेवणाची जागा एक करून टाकली होती. रस्त्याच्या दारापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चौदा शहाबादी फरशा. दाराकडच्या फळीवर रेडिओ, आणि दुसऱ्या टोकाला वाचनालयानं मोडीत काढलेलं टेबल, त्यावर आमचं जेवण. रेडिओ फार मोठा लावलेला असायचा. मी बारीक करायचो, ती येता-जाता पुन्हा वाढवायची. शेजारच्या काकू एकदा दारातून म्हणाल्या, "काऊन हो भाऊ, साऱ्या गल्लीले बातम्या सांगाचा ठेका घेतला का तुमी? तुमचा रेडिओ लागला का आमचा तवा चढते!"

मी हसलो. खोली लांब आहे, टेबलापर्यंत आवाज पोचत नाही, असंच मला वाटलं. टेबलाकडे एक वेगळा स्पीकर बसवला की झालं. तिलाही ते पटलेलं दिसलं. एका रविवारी सकाळी आम्ही बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेलो.

दुकानदार वयस्क मुसलमान गृहस्थ होते, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी दोन खोकी पुढं ठेवली, एक लहान, एक मोठं. दोन्हींच्या तारा एका बटणाला जोडल्या.

"हे पाहा भाऊ, लहान्यात बोलनं साफ येते. मोठ्यात गाना भारी वाटते, पन बोलनं जरा घुमते. तुमाले काय आयकाचं आहे?"

"बातम्या," मी म्हटलं. "नाटक."

"मंग लहानाच घ्या. पन घर भाबीचं आहे, पसंती त्यायची." ते तिच्याकडे वळले. "आयका भाबी. हा एक." बटण फिरलं. "आन हा दुसरा. कोन्ता गोड वाटते?"

तिनं मोठ्या खोक्यावर तळहात ठेवला होता. तिची नजर दुकानदारांच्या तोंडावर होती. "पुन्हा एकदा लावा," ती म्हणाली.

ते पुन्हा बटण फिरवायला गेले, तर एक तार निसटली. दुकानात एकदम शांत झालं. तार पकडून त्यांनी सवयीनं मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं.

"यात," ती लहान खोक्याकडे बोट दाखवून म्हणाली. "बोलणं स्पष्ट येतं. पण मला तो मोठाच आवडला."

दोन्ही खोकी बंद होती.

दुकानदारांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग खाली वाकून तार जोडत ते म्हणाले, "बरोबर आहे, भाबी. आपल्याले आवडते तेच घ्याव." मोठं खोकं त्यांनी स्वतः कापडात बांधून दिलं.

तिला विचारायचं धैर्य मला झालं नाही. शाळेत कळलं तर? शिक्षण खात्याचे दीपोटी साहेब तपासणीला येत, मागच्या बाकावरच्या मुलीला प्रश्न विचारत. ती उत्तर काय देते ते बाईंनाच ऐकू आलं नाही, तर नोकरी जाईल. ही भीती तरी सांगता येण्यासारखी होती. दुसरी कुणाला सांगणार? मी मुळात हळू बोलणारा. वाचनालयात तर बोलायचंच नसतं. माझा हळू आवाज कान देऊन ऐकणारं एकच माणूस या जगात होतं.

मी चोरून तपासू लागलो. संध्याकाळी ती टेबलाशी दाराकडे पाठ करून वह्या तपासायची. मी दारातून आत यायचो आणि एकेका फरशीवर थांबून हलकेच म्हणायचो, "अगं, ऐकतेस का?" पहिल्या दिवशी नवव्या फरशीवर तिनं वळून पाहिलं. दिवाळीपर्यंत ती अकरावी झाली. अकराव्या फरशीवरून तिच्या वेणीतला गजरा मला स्पष्ट दिसायचा.

एकदा मी आलो तर स्वयंपाकघरात स्टोव्ह भरभरत होता. वर भांडं नव्हतं. शेजारी रॉकेलचा डबा, आणि ती स्वयंपाकघराच्या दाराशी बसून शांतपणे वहीवर लाल खुणा करत होती. मी धावत जाऊन स्टोव्ह बंद केला. ती येऊन नुसती पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फरशीवर उभा राहिलो. बाराव्या. माझे ओठ हलले न हलले, तोच ती पाठमोरीच म्हणाली, "रोज तिथं उभं राहून काय पुटपुटता ते एक डाव मोठ्यानं म्हना न."

"म्हणजे ऐकू येतं तुला?"

"आयकून नाही राह्यली. पाहून राह्यली." तिनं समोरच्या कपाटाची काच दाखवली. काचेत दार, फरशा आणि मी, सगळं दिसत होतं. "पह्यल्या दिवसापासून. आयकू आलं तवाच वळाची मी. चोरासारखे येता तुमी."

मग ती रडली, मीही.

"मोठ्या बाईंले उद्या सांगते मी," ती म्हणाली. "दीपोटीनं पकडल्यापेक्षा बरं."

मी दिवसभर वाचनालयात एकच पान उघडून बसलो. ती परत आली ती हसत. मुख्याध्यापिका तिला म्हणाल्या होत्या, "अवो, मले काय नवीन सांगता? साऱ्या शाळेत तुमच्याच वर्गातल्या पोरी खणखणीत बोलतात. काऊन बोलतात ते पोरीयले माहीत, मले माहीत." तपासणीच्या दिवशी पोरी इतक्या ओरडून बोलल्या म्हणे, की साहेबांनी शाबासकी दिली. ती निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिली.

"पण तुझ्या बातम्यांचं काय?" मी त्या दिवशी खुणेनं विचारलं होतं. तिनं स्पीकरवर तळहात ठेवला. "हात ठेवला का समजते मले. म्हून तर मोठा घेतला."

माझी भीती त्या वाक्यानं गेली. पुढं कितीतरी वर्षं, कानांतलं होतं नव्हतं तेही संपल्यावर, संध्याकाळच्या बातम्यांना ती त्या खुर्चीत बसायची. हात खोक्यावर. मधूनच मान हलवायची, कधी माझ्याकडे पाहून भुवया उंचवायची. हाताखालचं पॉलिश झिजून पांढरट झालं. आपण दोघं एकच ऐकतो आहोत या समाधानात मी जेवत असायचो.

मागच्या महिन्यात मी प्रथमच तिच्या खुर्चीत बसलो. रेडिओ लावला, कानांत कापसाचे बोळे घातले, वरून रुमाल घट्ट बांधला आणि झिजलेल्या जागेवर तळहात ठेवला. आवाज वाढवत नेला, गल्लीला ऐकू जाईल इतका.

हाताला थरथर लागली. थांबली, पुन्हा लागली. बातम्या संपून गाणं लागलं असावं, कारण थरथर लांबली. तासभर मी बसलो होतो. त्यातला एक शब्दही मला कळला नाही.