हसनचाचांनी काढलेली हवा

उन्हाळ्यात हसनचाचा सायकलवर बसण्याआधी अंगातल्या शर्टासकट नळाखाली उभे राहायचे. मग तो पूर्ण बाह्यांचा पांढरा सुती शर्ट निथळत असतानाच घंटी वाजवत महाडच्या बाजारातून जायचे. कुणी हसलं, की मुद्दाम जवळ जाऊन त्याला ओल्या कोपरानं ढुशी द्यायचे.

चाचा आमचे शेजारी. उमेदीची सगळी वर्षं कुवेतला ट्रक चालवण्यात गेली. परतल्यावर साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागली, की मीही भल्या पहाटे त्यांच्याबरोबर निघायची. ऊन चढायच्या आत घरी, हा त्यांचा नियम. "ऊन काय सांगून येतंय? चोरासारखं मागनं येतं गो," म्हणत ते माझ्या मानेवर बाटलीतलं गार पाणी ओतायचे. मी किंचाळले की खूश.

एका मे महिन्यात माझा धाकटा भाऊ सचिन मुंबईहून गिअरची सायकल घेऊन आला. आंबेनळी घाट चढणारच, म्हणाला. उठला मात्र आरामात. "मी पण येतो. म्हातारा हाय, हळू चालव," चाचा म्हणाले. मीही माझी सायकल काढली. सचिन कसला ऐकतोय! पोलादपूर मागे पडेपर्यंत त्याची बडबड चालू होती. कापडे गाव येईतो तो गप्प झाला. चेहरा लालबुंद, हँडल वेडंवाकडं.

"थांब रे जरा."

"घाट तर आलाच, चाचा!" म्हणत तो फोटोपुरता उतरला.

चाचा त्याच्या मागच्या चाकाशी वाकले. फुस्स!

"अरेरे, पंक्चर झाली वाटतं," चाचा हळहळले. मी बघितलंय हे लक्षात येताच त्यांनी डोळा मारला. "सांगू नको गो त्याला. इज्जतीचा सवाल हाय."

टायरला शिव्या घालत सचिन आंब्याखाली बसला, तो उठेचना. "ताई, आईला हाक मार, वाढ म्हणावं," असं काहीतरी बरळला. आई महाडला होती. चाचांच्या चेहऱ्यावरचा मिश्कीलपणा क्षणात गेला. सगळ्या बाटल्या त्यांनी सचिनच्या डोक्यावर, मानेवर, काखेत रिकाम्या केल्या. मी टॉवेलनं वारा घालत होते. मी घोटभर पाणी त्याच्या तोंडाशी नेलं, तर चाचा म्हणाले, "आत्ता नको, ठसका लागेल." मग रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी टेम्पो अडवला.

पोलादपूरच्या दवाखान्यात सलाईन लागलं. संध्याकाळी सचिन जेवायला मागू लागला, तेव्हा मी बाहेर येऊन रडले.

"घाट चढला असता तर, चाचा?"

"तर खाली आणायला चार माणसं लागली असती," ते म्हणाले आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागले.

यंदाच्या थंडीत चाचा झोपेतच गेले. सचिन मातीला आला होता. घरी चहा घेताना मी त्याला हवेचं खरं सांगून टाकलं. त्यानं कप खाली ठेवला.

"ताई, मला त्यांनी दवाखान्यातच सांगितलं होतं. वर म्हणाले, ताईला बोलू नको, गुपित ठेवलंय म्हणून खुशीत हाय ती."

दर ईदेला चाचा आम्हा दोघांना समोरासमोर बसवून शीरखुर्मा वाढायचे आणि हटकून पंक्चरचा विषय काढायचे. मी खाली बघायची, सचिनही खाली बघायचा. आणि चाचा आमच्याकडे आळीपाळीनं बघत, वाटीत तोंड खुपसून हसत असायचे.