सोजराबाईंच्या पेशी

पासली गावात कुणाचं रक्त तपासलं की रिपोर्ट आधी सोजराबाईंकडे जायचा. गेल्या वर्षी त्यांच्या नवऱ्याला, म्हादूबांना, डेंग्यू झाला आणि रक्तातल्या पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, वीस हजारांवर आल्या. पपईच्या पाल्याचा रस पाजून आपणच त्यांना उठवलं, अशी बाईंची खात्री. दवाखान्यातलं सलाईन त्यांच्या खिजगणतीतही नव्हतं. तेव्हापासून कुणाचाही रिपोर्ट असो, त्या पेशींचा आकडा तेवढा विचारायच्या आणि निकाल देऊन मोकळ्या व्हायच्या. मी वेल्ह्यात लॅब चालवते. माझ्यापेक्षा यांचा शब्द मोठा, याचा मला भारी राग यायचा.

यंदा त्या स्वतःच रक्त द्यायला आल्या. दोन घासांत पोट भरतं, लुगडं आवळतं, म्हणाल्या. पेशी निघाल्या पाच लाख नव्वद हजार.

"बघ मोहिनी! तरन्याताठ्यांच्या न्हाईत एवढ्या!" बाई हरखल्या.

मला मात्र तो आकडा खटकला; पेशी साडेचार लाखांच्या वर नसाव्यात. मी रिपोर्ट डॉक्टरांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. "नुसत्या आकड्यावरून काही ठरत नाही. जंतुसंसर्गानं, लोह कमी पडल्यानंही पेशी वाढतात. पण साठीची बाई, त्यात पोट फुगलेलं. अंडाशयाचा कर्करोगही असू शकतो. सोनोग्राफी करायला सांगा, लवकर."

मी पासलीला फोन लावला. म्हादूबांनी उचलला आणि हसले. "पेशी वाढल्यात तर दवाखाना कशाला? भाताची लावणी उरकू दे."

तीन आठवडे असेच गेले. शेवटी चडफडत मीच एसटीनं पासली गाठली. म्हादूबा अंगणात शेजारच्या गेनबांशी बोलत होते. बाई आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. हातांच्या काटक्या झालेल्या, पोट तेवढं वर आलेलं. ते बघून मला भीतीच वाटली.

"मावशी, डेंग्यूत पेशी घटणं वाईट. पण इतक्या वाढणंही चांगलं नाही," मी स्पष्टच सांगितलं. "पोटात काही आहे का, ते बघायला हवं."

बाईंनी माझा हात धरून ओटीपोटावर ठेवला.

"हितं बघ. गाठ हाय. कुनाला बोलले न्हाई म्या. मनात लई भ्या हुतं. तुजा रिपोर्ट आला, म्हनलं निभावलं."

"कधीपासून आहे?"

"भात कापत हुतो तवापासनं."

म्हणजे आठ महिने. बाहेर म्हादूबा गेनबांना बायकोच्या पेशींचा आकडा कौतुकानं सांगत होते.