पुण्याला असलेला मुलगा

मनोरुग्णालयातून सुटी होऊन, वॉर्डातली निळी चप्पल पायात घालूनच मी घरी आलो, तेव्हा मी पुण्याला नोकरी करतो असे नंदनवनातल्या आमच्या गल्लीत ठरून गेलेले होते. धाकट्या बहिणीचे लग्न जमायचे होते, आणि वडिलांना लकडगंजच्या बाजारात मान होता. दिवसभर मी मागच्या खोलीत असे. तिथल्या खिडकीला आईने जुनी चादर लावली होती.

या व्यवस्थेविरुद्ध मी बोललो नाही. मला वाट पाहायची होती ती फक्त वॉर्डातल्या सिस्टरची. सुटी झालेल्यांच्या घरी जाऊन महिन्याचे इंजेक्शन देण्याचे काम तिच्याकडे होते. गोळ्या माझ्याकडून नियमाने घेतल्या जात नसत, म्हणून माझे बरे राहणे डॉक्टरांनी त्या सुईवरच सोपवले होते. मी निघताना ती म्हणाली होती, "ओपीडीत रोज नवा डॉक्टर राहते गा. तू नको भटकू, मीच येतो."

ती आली, तेव्हा बैठकीत पाहुणे बहिणीला पाहायला बसले होते. भिंतीपलीकडून मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"मुलगा आहे काय जी घरी?" तिने दारातूनच विचारले.

"तो पुण्याले राहते," वडील म्हणाले.

"मी त्याच्यासाठीच आली होती."

"मंग पुण्याले जा लागन बाई तुमाले."

बैठकीत हशा पिकला. पाहायला आलेल्या नवऱ्या मुलाच्या मामांनी विचारले, "येत नाही काय जी तो कधी?"

"सुटीच भेटत नाही त्याले."

मागच्या खोलीत माझ्याजवळ येऊन बसलेल्या आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास होता. पोह्यांवर घालायला तिने तो नुकताच चिरला होता. खरे तर त्या हाताची आवश्यकता नव्हती. मोठी माणसे बोलत असताना मध्ये बोलण्याचे धैर्य मला कधीच झालेले नाही. फाटक लागल्याचा आवाज आल्यावर तिने हात काढला.

बहिणीचे जमले. कोणी ओळखीचे भेटेल म्हणून मला ओपीडीतही नेले गेले नाही. इंजेक्शन चुकल्यामुळे हळदीच्या दिवशी माझ्या आजारातले ते भिंतीतले आवाज परतले, आणि मी मांडवात जाऊन सर्वांना ते ऐकायला सांगू लागलो. हा कोण, असे मामांनी विचारले. वडिलांना सांगावे लागले. सोयरीक मोडली, आणि मला त्यांनी स्वतः वॉर्डात आणून सोडले.

"काहून गा, पुण्याहून कधी आला?" सिरिंज भरताना सिस्टरने विचारले.

"मी घरातच होतो."

"मालूम आहे. तुयी निळी चप्पल दिसली ना मले दारात."

"मग?"

"बाप नाही म्हणते, तं मी काय घरात घुसू? कूस बदल."

मी कूस बदलली. सुई आत गेल्यावर, भिंतीकडे तोंड करूनच, पुन्हा सुटी झाली तर तुम्ही याल का, असे मी विचारले.

"कुठं?" ती म्हणाली. "पुण्याले?"