पाणकराच्या फोनमधले फोटो

माझा धाकटा भाऊ गेला त्याच्या सोळाव्या दिवशी तलावाच्या समितीतले एक म्हातारे काका घरी आले. सौंदडपासून थोडं आत आमचं माहेरचं गाव आहे. चहा झाला, आणि मग भावजयीकडे न पाहता त्यांनी मला विचारलं, "बाई, त्याच्या मोबाइलातले पाण्याचे फोटो काढता येतीन का?"

भाऊ गावच्या तलावाचा पाणकर होता. कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी पाणी सोडायचं, ते तो पाहायचा. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पाणी सोडतात तिथल्या दगडी पायऱ्यांवर त्याने पांढऱ्या रंगाने खुणा केल्या होत्या. रोज सकाळी तो त्यांचा फोटो काढायचा. वहीत लिहायचा त्याला कंटाळा. यंदा उन्हाळी धान किती जमिनीवर लावायचं ते ठरायचं होतं, आणि मागच्या वर्षी कोणत्या महिन्यात पाणी कुठवर उतरलं होतं हे फक्त त्या फोनला माहीत होतं.

फोन भावजयीने तांदळाच्या डब्यावर ठेवला होता. मागचं झाकण फुगून उचललं गेलं होतं. पडद्याचा वरचा अर्धा भाग हिरवा पडला होता, तिथे बोट लावलं तर काही होत नव्हतं. पासवर्ड तिला ठाऊक होता. मी फोन रुमालात गुंडाळला आणि मुर्रीला माझ्या घरी घेऊन आले.

मी शाळेत लिपिक आहे. घरी लॅपटॉप आहे. केबल जोडली तर फोन नुसता चार्ज व्हायला लागला, लॅपटॉपवर काहीच दिसेना. दुसऱ्या दिवशी गोंदियात दुकानात गेले. दुकानदाराने केबल हातात घेऊन पाहिली. "मॅडम, ये सिर्फ चार्जिंग वाली है. डेटा वाली लगेगी. और बॅटरी फूल गयी है, जो निकालना है जल्दी निकाल लो."

नवी केबल लावली. फोल्डर उघडला, पण रिकामा. फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवडावं लागतं, आणि ती ओळ नेमकी मेलेल्या भागात येत होती. मी फोन आडवा केला. ओळ उजवीकडे सरकली, बोट लागलं, फोटो दिसू लागले. आनंद वगैरे काही झाला नाही. मी उठून भांडी घासली.

साध्या पद्धतीने कॉपी करायला गेले, तर दर वेळी चाळीस-पन्नास फोटोंवर अडकायचं. मग सॉफ्टवेअर शोधायला बसले. पहिलं दिसायला सुंदर होतं. सगळे फोटो झरझर आले. पण नंतर पाहिलं, तर प्रत्येक फोटोची तारीख कॉपी केल्याच्या दिवसाची. नावंही बदलून एक, दोन, तीन अशी झाली होती. सगळे फोटो भावाने त्या दिवशी काढल्यासारखे दिसत होते. मी थोडा वेळ पाहत राहिले आणि तो फोल्डर पुसून टाकला.

दुसरं सॉफ्टवेअर म्हणत होतं, आधी सगळं आमच्याकडे इंटरनेटवर चढवा. मी भावजयीला फोन केला.

"कायले? त्यायले कायले द्याचं आपलं?" ती म्हणाली. विषय संपला.

तिसरं अगदी रूक्ष होतं. डावीकडे फोनची यादी, उजवीकडे लॅपटॉपची, चित्र एकही नाही. पण खाली एक चौकोन होता: मूळ तारीख कायम ठेवा. मी तेच घेतलं. चौकोनात खूण केली. हळूहळू एकेक फोटो आपापल्या तारखेसकट येऊ लागला. पायरी, पाणी, पांढरी खूण. पुन्हा पायरी, पाणी, पांढरी खूण. एखाद्यात त्याच्या चपलेचं टोक आलेलं.

यादीत आणखी एक फोल्डर होता. त्याच्या फोनमध्ये सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होत होते. त्यात 'बाई मुर्री' या नावाखाली मी होते. एक रेकॉर्डिंग उघडलं. मी विचारत होते, लाखोरीची डाळ कधी आणतोस. तो म्हणाला, "आणतो ना बाई. आता पाळीवर जाऊन राहिलो, मंग बोलतो." मी शेवटपर्यंत ऐकलं. आपण आता रडायला हवं, असं मनात आलं. पण आलं ते तेवढंच. ती डाळ आणली होती की नाही ते आठवत बसले.

भावजयीला सांगितलं आणि ऐकवू का, असं विचारलं. "आता नोको," ती म्हणाली. "पण मिटवू नोका." मी तो फोल्डरही उतरवून घेतला.

पुढच्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन गावी गेले. समाजमंदिरात सतरंजीवर दहा-बारा जण बसले होते. काका महिने सांगायचे, मी फोटो उघडायचे. पाणी उतरत गेलेलं सगळ्यांनी पाहिलं. पाणी शेवटी पोचतं त्या टोकाचे शेतकरी आणि तलावाजवळचे यांच्यात थोडी चकमक झाली, पण फोटोवर तारीख होती, त्यामुळे फार ताणलं नाही. निम्म्याच जमिनीत उन्हाळी धान लावायचं ठरलं.

"आता रोजचा फोटो कोण काढंन?" काकांनी विचारलं.

दाराशी उभी असलेली भावजय म्हणाली, "मी काढीन."

"पाळीवर बाई? रोज?"

"काऊन? पायऱ्या मले उतरता येत नाई का?"

काकांनी मान खाली घातली आणि मग होकारार्थी हलवली.

आता ती तिच्या फोनवरून रोज सकाळी फोटो पाठवते. शाळेत जायच्या आधी मी तो तारखेच्या फोल्डरात टाकते. पहिल्या आठवड्यात सगळ्या फोटोंत तिचं बोट कॅमेऱ्यासमोर येत होतं. मी लिहिलं, बोट बाजूला घे. दुसऱ्या दिवशी पाणी स्वच्छ दिसलं, सहाव्या पायरीवर.