मागच्या रांगेतला हरेश्वर

ही गोष्ट सांगायची मी पन्नासहून जास्त वर्षं टाळली. दर वेळी कारण निराळं असायचं, आणि त्या त्या वेळी ते मला पटायचंही. गेल्या महिन्यात एडवणहून हरेश्वरच्या सुनेचा, सुनंदाचा फोन आला. “मास्तर, बाबा गेले,” एवढंच ती म्हणाली, आणि मला आधी वाईट वाटलं नाही, सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज वाटून लिहायला बसलो आहे. पण नेमकं काय घडलं ते मला तरी नीट कळलंय का, याची खात्री नाही...

साठच्या दशकात तारापूरला वीज प्रकल्पाचं बांधकाम चालू होतं. माझे वडील साताऱ्याहून तिथे भांडारात नोकरीला आले आणि मॅट्रिक होऊन रिकामा बसलेला मी त्यांच्याबरोबर. हरेश्वर एडवणचा, मच्छीमाराच्या घरचा. बांधकामावर मजुरी करायचा आणि जवळच्या पाम गावात मावशीकडे राहायचा. काम सुटल्यावर माणसांना जायला जागा नव्हती. कोणी पत्ते कुटायचं, कोणी प्यायला बसायचं. हरेश्वरने पाममधलं भात निघालेलं एक शेत मालकाला विचारून साफ केलं आणि तिथे रोज संध्याकाळी बैठका, सूर्यनमस्कार आणि शेवटी कबड्डी असा वर्ग सुरू केला. पाचाचे तीस झाले. तो स्वतः मात्र सगळ्यांच्या मागे उभा असायचा. पुढे नमुना म्हणून मी, कारण शाळेतल्या कवायतीमुळे माझी अंगस्थिती बरी होती.

“तू पुढे का उभा राहत नाहीस?” मी एकदा विचारलं.

“होडीत सुकाणूवाला कुठं बसतो? मागं. पुढं बसला तर कोण दमला ते त्याला दिसंल कसं? पुढं ठेवायला तू हायेस की. दिसतोस बरा,” तो म्हणाला, आणि सगळी रांग हसली.

रामसकल नावाचा उत्तरेकडचा एक वेल्डर दहाव्या बैठकीला बसकण मारायचा. “हमसे नहीं होगा, भाई.” हरेश्वरने आकडे मोजायचं काम त्यालाच दिलं. “जितना दम है उतना गिनो. हम लोग तुम्हारे पीछे.” तेव्हापासून मोजणी रोज सर्वांत दमलेल्या माणसाकडे जायची. जोरातले आपोआप आवरायचे आणि मागे पडणारा मागे पडतच नसे. रामसकल पुढे कबड्डीत चढाईला जायला लागला.

त्यातच प्रकल्पाच्या वसाहतीत खेळ आणि व्यायामासाठी एक संघटक नेमायचं ठरलं. कायमची नोकरी, राहायला खोली. हरेश्वरला ती हवी होती, आणि का ते फक्त मला माहीत होतं. “होडीत बसलो की मला वांत्या होतात. बाबा बोलतात, होईल सवय. नाय होत रे. कोणाला सांगू नको,” असं त्याने मला सांगितलं होतं.

वर्ग पाहायला रविवारी सकाळी दोन साहेब आले. ते सरळ माझ्याकडे आले, कारण पुढे मी होतो. “ही माणसं कोणी तयार केली?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “मी.”

का म्हणालो? वडिलांची रोजची बोलणी आठवली असतील, किंवा काहीच आठवलं नसेल... हरेश्वर शेवटच्या रांगेत वाकून कोणाचा तरी पाय सरळ करत होता. त्याने मान वर केली नाही. त्याने ऐकलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. नेमणूक माझी झाली. ऐकलं नसेल, तर त्याने काही विचारलं कसं नाही? आणि ऐकलं असेल, तर पुढचे दोन महिने रोज येऊन तो मला शिकवत का राहिला? “दम लागलेला माणूस बोलायचा थांबतो. जो गप झाला त्याच्याकडं आधी बघायचं,” असं एकेक सांगायचा. मग एक दिवस तो एडवणला, वडिलांच्या होडीवर निघून गेला.

मी निवृत्त होईपर्यंत त्याने शिकवलेल्यावरच जगलो. तरुण प्रशिक्षकांना नेतृत्व शिकवायला मला बोलावत. मी फळ्यावर लिहायचो, मागे उभे राहा, मोजणी दमलेल्याकडे द्या. होडी आणि सुकाणूही सांगायचो, पोहता न येणारा मी. निरोप समारंभाच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘वर्गाचे संस्थापक’ असं छापलं होतं. ते खोटं आहे. वर्ग हरेश्वरने सुरू केला आणि त्यानेच चालवला. मी फक्त पुढे उभा होतो.

गेल्या वर्षी हे त्याला सांगायचं ठरवूनच एडवणला गेलो. त्याचे पाय गेले होते, ओटीवर खुर्चीत बसून होता. सुनंदा चहा घेऊन आली, तसा तो तिला म्हणाला, “ह्यो आमचा मास्तर. पामला कसरतीचा वर्ग ह्यानंच काढलेला. आमी सगळे ह्याच्या हाताखालचे.”

मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. टोमणा होता? विसर पडला होता? की मला सुनेसमोर सांभाळून घेत होता? तो शांतपणे बशीत चहा ओतत होता. सुनंदा माझ्याकडे कौतुकाने बघत होती. ‘हरेश्वर, तसं नव्हतं ते. साहेबांशी मी खोटं बोललो. मला माफ कर.’ तीन वाक्यं, एसटीत पाठ केलेली. पहिल्याचा पहिला शब्द तेवढा बाहेर पडला.

“हरेश्वर...”

“काय रे?”

“चहा फक्कड झालाय,” मी म्हणालो.