नकाशात नसलेली वस्ती

तलावाच्या पाळीवरची बत्तीस मातीची घरं राहण्यालायक नाहीत, ती पाडून तिथे भाजीबाजार बांधावा, असा ठराव १९७९ साली नगरपालिकेच्या सभेत वाचला जात होता. तेवढ्यात विड्या वळणाऱ्या शकुनबाई मेश्राम वस्तीतल्या पंधरा-वीस बायका घेऊन सरळ आत शिरल्या.

"बाई, इथे फक्त सदस्य बोलतात," अध्यक्ष म्हणाले.

"घरं आमची पाडून राहिले, अन् बोलाचं तुमीच?"

शकुनबाईंनी पदराखालून तीन कागद काढून टेबलावर ठेवले. नऊ वर्षांत त्यांनी नळासाठी तीनदा अर्ज केला होता. तिन्ही वेळा उत्तर आलं होतं, की ही वस्ती पालिकेच्या नकाशातच नाही.

"नळ मांगला तवा आमी दिसलो नाही. आता पाडाले बरोबर बत्तीस घरं दिसली? नकाशात नाही ते घर पाडता कसं, सांगा ना मले!"

एक सदस्य फिसकन हसला. अध्यक्षांना मात्र हसता येईना, कारण शेवटच्या कागदावर सही त्यांचीच होती. ठराव तहकूब झाला.

पुढे वस्तीची मोजणी झाली, तेव्हा शकुनबाई ओव्हरसियरबरोबर घरोघर फिरल्या. कललेली तीन घरं त्यांनी स्वतःच दाखवली, पण तिथल्या माणसांना आधी दुसरी जागा मिळेल, असं लिहून घेतल्याशिवाय त्या हटल्या नाहीत. बाकीची एकोणतीस घरं राहिली, आणि बाजार बसला गावाच्या दुसऱ्या टोकाला.

दोन वर्षांनी नळ आला. त्याच आठवड्यात शकुनबाईंनी रस्त्यावरच्या दिव्यांसाठी अर्ज टाकला.